भूपालच्या अर्जातून मी गाळलेला देश

मंडळी, वाचनालयाची ही वही तुमच्या सगळ्यांच्या घरी फिरते, म्हणून आज दुपारची गोष्ट हिच्यातच लिहितो. तोंडानं सांगायची लाज वाटते.

तंबाखूच्या वखारीवाला भूपाल शाळेत आला होता. माझाच जुना विद्यार्थी, भूगोलात दोनदा नापास! आता युरोप बघायला निघालाय. पासपोर्टाच्या अर्जावर ओळखीच्या हेडमास्तराची सही लागते, म्हणून माझ्याकडे.

वीस वर्षं मी निपाणीत युरोपचा नकाशा शिकवतोय आणि स्वतः मिरजेच्या पुढं गेलेलो नाही.

अर्जात जायच्या देशांची नावं लिहावी लागतात. नाव नसेल तर पासपोर्ट त्या देशात चालत नाही. भूपाल म्हणाला, "गुर्जी, नावं तुमीच घाला. बगण्यासारखं एक बी सोडू नका."

मी फ्रान्स लिहिलं, जर्मनी लिहिलं, स्वित्झर्लंड लिहिलं. इटली लिहिली नाही. पाण्यावरचं व्हेनिस मी दरवर्षी रंगीत खडूनं फळ्यावर काढतो. ते यानं माझ्याआधी बघायचं?

सही केली. तो पाया पडला आणि म्हणाला, "तुमास्नी त्या पाण्यातल्या गावाचं चित्र आणतो, गुर्जी. तुमी फळ्यावर काढत हुता, तेवढंच ध्यानात ऱ्हायलंय."

अर्ज त्याच्याकडेच आहे, उद्या सकाळच्या टपालानं जाणार. भूपालची वखार माझ्या घरासमोरच आहे, आणि मी अजून वहीच लिहीत बसलोय. तुमच्यापैकी कोणी उठून इटली घालायला गेलं असतं का?