मानांकनाचं बाळ

एका रविवारी संध्याकाळी, गल्लीतल्या पाच बायकांच्या देखत, मी एक बाळ मोरीत ओतलं. कामाचा भाग म्हणून.

मी इंदापूर तालुक्यात, कळंबच्या अलीकडच्या एका गावात, प्राथमिक आरोग्य केंद्रात इन्चार्ज सिस्टर आहे. आमच्या केंद्राला राष्ट्रीय गुणवत्ता मानांकन हवं होतं. आदल्या वर्षी ते हुकलं, आणि हुकलं ते माझ्याच प्रसूतिगृहात. तपासणीला आलेले असेसर साहेब म्हणाले, "बाळ जन्मलं आणि रडलं नाही, तर काय कराल? करून दाखवा." त्यासाठी आमच्याकडे सरावाचं बाळ आहे. रबराचं. आत कोमट पाणी भरलं की वजन, ऊब, मान टाकणं, सगळं खऱ्यासारखं. नळीला जोडलेला फुगा दाबला की ते रडतं. दाबला नाही तर नुसतं बघत राहतं. मी ते हातात घेतलं, ते पाठीच्या बुचातून गळलं, आणि साहेबांचे बूट भिजले.

यंदा डॉक्टर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं, "सिस्टर, या वेळीही प्रसूतिगृह राहिलं, तर गुणवत्तेची फाईल मी दुसऱ्या कोणाकडे देणार." ती फाईल मी पोटच्या पोरासारखी वाढवली होती. मी तयारीला लागले. तीन महिन्यांत केंद्रात जे जे हलत नव्हतं त्याला मी चिठ्ठी लावली. पिवळी बादली, लाल बादली, आग विझवायचं नळकांडं, फ्रीज, फ्रीजचं झाकण. (शिपाई दत्तूमामा फार वेळ एका जागी बसलेले असले, की मी दिसताच हात हलवून दाखवायचे.)

तपासणी मंगळवारी होती. शनिवारी मी बाळाला नवी बुचं बसवली. फुगा आणि नळी धुऊन, पुसून, चिठ्ठी लावून केंद्राच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि बाळ तेवढं घरी आणलं. काही तास पाणी भरून ठेवायचं आणि गळतंय का बघायचं, असा विचार. रविवारी दुपारी त्यात कोमट पाणी भरलं, दुपट्यात गुंडाळलं, टोपरं घातलं, आतल्या खोलीत पलंगावर निजवलं, पडदा ओढला आणि उरलेल्या चिठ्ठ्या लावायला परत केंद्रात गेले. जाताना फ्रीजवर मालकांसाठी यादी लावली. एक, बाळ पाठीवरच ठेवणे, उलटं करू नये. दोन, दर तासाला खाली ओलं झालंय का पाहणे. तीन, दुपटं सोडू नये. चार, कोणाला हात लावू देऊ नये.

यादीत सगळं होतं. ते रबराचं आहे, एवढंच लिहायचं राहिलं.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, सुप्याकडच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख लागलेली. मागच्या वर्षी एका ऊसतोड बाईला तपासत होते तेव्हा तिचं दोन महिन्यांचं लेकरू तासभर घरी आत्यांकडे दिलं होतं. तेव्हापासून त्यांची समजूत आहे की सरकार मला अधूनमधून बाळं घरी नेऊ देतं.

चार वाजता मालक कारखान्यातून पाळी संपवून आले. पुढचं मला नंतर कळलं.

"आई, मंगलनं बाळ आणलंय."

"कुनाचं?"

"लिवलं न्हाय."

"पोरगं हाय का पोरगी?"

"ते बी लिवलं न्हाय. उलटं करायचं न्हाय, दुपटं सोडायचं न्हाय, दर तासाला वलं झालंय का बगायचं, कुनाला हात लावू द्यायचा न्हाय."

"बराबर हाय तिचं," आत्या म्हणाल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझं बरोबर असण्याची ही पहिली वेळ.

मालक मोटर बघायला रानात गेले. आत्या पलंगाशी बसल्या. पहिल्या तासाला त्यांनी दुपट्याखाली हात घालून पाहिला. कोरडं. लेकरू गप, पण ऊबदार. दुसऱ्या तासाला हात घातला. कोरडंच. पण लेकरू गार पडायला लागलेलं. (पाणी निवत होतं. हे मला माहीत आहे, आत्यांना कुठून असणार!) त्यांनी शेजारच्या शेवंताकाकूंना हाक मारली. शेवंताकाकूंनी आणखी तिघींना आणि एका पाहुणीला. खिडक्या लावल्या. ओव्याची धुरी केली. घरच्या एरंडेलातलं काजळ बाळाच्या डोळ्यांत भरलं, गालावर तीट लावली, मनगटाला काळा दोरा बांधला. आणि बसल्या बघत.

मी परतले तेव्हा दिवे लागायची वेळ होती. गल्लीत कोणी नाही. मागच्या उसातून वारा निघत होता, तेवढाच आवाज. आमच्या दारात पाच जोडी चपला. पाच बायका आत आहेत आणि बोलण्याचा आवाज नाही, हे मी त्या गल्लीत कधी अनुभवलं नव्हतं. मी आत गेले. धुरात आधी काही दिसेना. मग एकेक चेहरा दिसू लागला, सगळे माझ्याकडे वळलेले. मध्ये आत्या, मांडीवर गाठोडं, आणि गाठोड्यातून काळेभोर भरलेले दोन डोळे थेट माझ्याकडे बघत होते. दुपारी ते इतके मोठे नव्हते.

"मंगल," आत्या हळू आवाजात म्हणाल्या, "गार पडलंय गं. पर दोनदा रडलं."

"रडलं?"

"दोनदा," शेवंताकाकू म्हणाल्या. "बारीक. लांबनं आल्यावानी."

कोणीतरी फुगा दाबला असणार, असं मला वाटलं. सकाळपासून अडीचशे चिठ्ठ्या लावून माझं डोकं चालत नव्हतं. त्यात एकच प्रश्न उरला होता: गळतंय का? मी गाठोडं उचललं, खाली हात घातला.

"कोरडं आहे," मी आनंदाने म्हणाले.

माझ्या आनंदात कोणी सामील झालं नाही. मी बाळाला दंडाला धरून मोरीवर नेलं, दुपटं सोडलं, उलटं केलं आणि पाठीचं बूच ओढलं. घळघळ आवाज झाला. बाळ माझ्या हातात हळूहळू चपटं होत गेलं. मान खाली लोंबली. शेवटचा थेंब पडावा म्हणून मी ते दोनदा झटकलं.

मागे वळले तेव्हा शेवंताकाकू पुढच्या दारातून गेलेल्या होत्या. दोघी मागच्या दारातून, ज्याची कडी आम्हाला दोन वर्षं निघत नव्हती. एक पलंगावर चढून उभी होती. पाहुणी जागच्या जागी बसली होती आणि माझ्या हाताकडे बघून पदराची गाठ सोडत-बांधत होती.

"अगं बाई, रबराचं आहे!" मी बाळ वर धरून म्हणाले. चपट्या बाळाने काजळातून सगळ्यांकडे पाहिलं. पलंगावरची खाली उतरून चालती झाली. पाहुणी तिच्या मागोमाग.

आत्या तेवढ्या राहिल्या. म्हणाल्या, "रबराचं आसंल. मग रडलं ते कोन?"

"फुगा दाबला की रडतं, आत्या."

"कसला फुगा?"

सोमवारी सकाळी केंद्रात जाऊन मी ड्रॉवर उघडला. फुगा आणि नळी जागेवर होती. वर चिठ्ठी, माझ्या अक्षरात, शनिवारच्या तारखेची. मी स्टुलावर बसले. वही काढून तीन कारणं लिहिली: मांजर, शेजारचं पोर, उसातला वारा. एकाहीपुढे बरोबरची खूण करायला हात होईना. तेव्हा पान उलटलं आणि काजळ काढायला घेतलं. एरंडेलातलं ते. स्पिरिटने आणखी पसरलं.

मंगळवारी तेच असेसर साहेब आले. प्रसूतिगृहात ते टेबलापासून एक पाऊल लांब उभे राहिले. बाळाकडे वाकून बघत म्हणाले, "याला काजळ कोणी घातलं?"

डॉक्टर मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझी फाईल त्यांच्या हातात होती.

"लोकसहभाग, सर," मी म्हणाले.

साहेबांनी काही लिहिलं. मग म्हणाले, "बाळ रडत नाही. सुरू करा."

मी बाळ पुसलं, पाठ चोळली, मान सरळ केली, तोंडावर मास्क बसवला, पिशवी दाबायला लागले. छाती वर येत होती, खाली जात होती. पायऱ्या चुकत नव्हत्या. रडवण्याचं काम आमच्या रूपाली सिस्टरकडे होतं. मी मोजत गेले. खोलीत कोणी हललं नाही. आणि बाळ रडलं. बारीक. लांबून आल्यासारखं.

"छान," साहेब म्हणाले आणि त्यांनी खूण केली.

मी मान वर केली. रूपाली भिंतीला चिकटून उभी होती. फुगा ट्रेमध्ये तसाच, आणि नळी टेबलावरून मोकळी लोंबत होती.

"ताई," ती म्हणाली, "मी अजून नळी जोडलीच—"

"रूपाली," मी तपासणीचा कागद पुढे करत म्हणाले, "आधी इथे सही कर."

मानांकन मिळालं. फाईल माझ्याकडेच राहिली. बाळ आता स्टोअरच्या लोखंडी कपाटात असतं, आणि मी त्यासाठी नवा नियम केला आहे: कपाट उघडताना दोन कर्मचारी हजर हवेत, दिवसाउजेडी, दोघांच्या सह्या रजिस्टरमध्ये. साहित्याची जबाबदारी कशी सांभाळावी याचा नमुना म्हणून वरच्या ऑफिसने हा नियम तालुक्यातल्या बाकीच्या केंद्रांनाही लावला आणि माझं लेखी कौतुक केलं. असा नियम सुचला कसा, असं त्यांनी पत्रात विचारलं होतं. मी लिहिलं, अनुभवातून. त्या कपाटाजवळ एकटीने जायला माझे पाय धजत नाहीत, हे सरकारी पत्रात कसं लिहायचं?