डावीकडे दोन बोटं जास्त

पडदेवालीला आयुष्यात नवीकोरी वस्तू फारशी मिळालीच नव्हती. मशीन घेतलं ते जुनं, कात्री मिळाली ती एका शिंप्याने दुकान बंद करताना दिलेली, आणि राहत्या खोलीत तर आधीच्या भाडेकरूने ठोकलेले खिळेसुद्धा तिने तसेच वापरायला घेतले होते. त्यामुळे गुरुवारी धाकट्या भावाने खोका पुढे केला आणि "ताई, नवाकोरा आहे, खास तुझ्यासाठी," म्हणाला, तेव्हा तिला इतका आनंद झाला की खोक्यावर चिकटपट्टी दुहेरी का, हा प्रश्न आला तसा निघूनही गेला.

खोक्यात कॅमेरा होता. साबणाच्या वडीएवढा, चंदेरी, दुकानातला सगळ्यांत स्वस्त. स्वस्त असल्याचं भावानेच सांगून टाकलं, तेही असं की महागडे घेणारे सगळे खुळेच. शिवलेल्या पडद्यांचे फोटो काढून ठेव, म्हणाला, गिऱ्हाइकाला दाखवता येतील; नाहीतर तू हात पसरून चुण्या समजावत बसतेस. चहालाही थांबला नाही. दारात चपला घालता घालता मात्र आठवण करून दिली, की रविवारी कागद घेऊन येतो, सहीचं तेवढं उरकून टाकू.

कागद वडिलांच्या घराचा होता. दुसऱ्या गावचं दोन खोल्यांचं घर, वडील गेल्यापासून बंद. पडदेवालीला तिथे जाऊन राहायचं होतं. इथे लांब पडदा पुरता उलगडायचा तर पलंग उभा करावा लागे, आणि तिकडची पुढची खोली चांगली ऐसपैस. पण दोन वर्षं धाकटा सांगत आला होता की छप्पर बसलं, भिंतींना ओल धरली, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा चोरांनी उपटून नेल्या. आता पाडायची नोटीस लागली आहे, तू हक्क सोडल्याची सही कर, पुढची कटकट माझ्या डोक्यावर. एवढ्या लांब जाऊन पडकं घर बघून रडायचंय का तुला, असंही विचारलं. आई गेली तेव्हा हा तीन वर्षांचा होता आणि ताईच्या कडेवरून खाली उतरत नव्हता. कडेवर वाढवलेल्या पोराचं बोलणं कोण तपासून बघतं? तिने ऐसपैस खोलीचा विचार सोडून दिला आणि सही द्यायचं कबूल केलं.

शुक्रवारी काम आटोपल्यावर तिने माहितीपुस्तक उघडलं. बाईचा स्वभाव असा की लिहिलंय ते लिहिलंय त्याच क्रमाने करायचं. पान चार, बॅटरी घाला. तिने उलटी घातली, मग चित्र बघून सुलटी घातली. पान पाच, दोरी अडकवा. दोरी आधीच अडकवलेली होती, आणि मनगटाशी येणारा भाग जरा मऊ पडलेला. धाग्यादोऱ्यात हयात घालवलेल्या बाईला हे कळायला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. दुकानदाराने दाखवायला बाहेर काढला असेल, असं तिने दुकानदाराच्या वतीने स्वतःलाच सांगितलं. पान सात, पहिल्यांदा सुरू केल्यावर कॅमेरा तारीख आणि वेळ विचारेल. तिने सुरू केला. हिरवा दिवा लागला, बारीक सूर वाजला, पण कॅमेऱ्याने काहीच विचारलं नाही. तारीख आधीच लावलेली, तीही बरोबर. तिने बंद करून पुन्हा सुरू करून पाहिला. शहाणा दिसतोय, म्हणाली आणि पान उलटलं.

कुठेतरी पाणी मुरतंय हे तुम्हाआम्हाला एव्हाना कळलं असतं. पण आपल्या माणसाकडे आपण त्या नजरेने बघत नाही, आणि फसवणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

कार्ड खोक्यात नव्हतं, ते वेगळं विकत घ्यायचं. पण पान अकरावर लिहिलं होतं की कार्ड नसलं तरी थोडे फोटो कॅमेऱ्याच्या आतल्या साठ्यात राहतात. मग तिने मशीनचा फोटो काढायचं ठरवलं. बटण अर्धं दाबायचं, चौकट हिरवी झाली की पुरतं दाबायचं. पहिल्याच झटक्यात फोटो स्वच्छ आला, आणि तिने खुशीत खोलीकडे एकदा असं पाहिलं की जणू शाबासकी द्यायला कुणी बसलंय. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेलं. अकरापैकी अकरावा.

तिने तर एकच काढला होता. बाणाचं बटण दाबत ती मागे मागे गेली. दहाव्या फोटोत धाकटा एका दारात उभा होता, चौकटीला हात लावून, मोकळा हसत. नवव्यात नवी तोटी. आठव्यात ताज्या रंगाची भिंत, कोपऱ्यात रंगाचा डबा. सातव्यात खिडकी होती, आणि खिडकीला निळ्या पट्ट्यांचे पडदे होते.

हे पडदे तिने शिवले होते. दोन महिन्यांपूर्वी धाकट्याने कापड आणि मापं आणून दिली होती. मित्राच्या नव्या घरासाठी आहेत, म्हणाला होता, म्हणून तिने मजुरी घेतली नाही. तिसऱ्या खिडकीच्या उंचीचं माप बघून तिला हसू आलं होतं. डावीकडे दोन बोटं जास्त. गवंड्याने डोळे मिटून चौकट बसवली वाटतं, असं ती म्हणाली, तेव्हा धाकटाही हसला होता, जरा जास्तच. डावीकडे कापड कमी पडलं म्हणून तिने खाली साध्या निळ्या कापडाची पट्टी जोडली होती.

पान बावीस, फोटो मोठा करून पाहण्यासाठी दांडी उजवीकडे सरकवा. तिने सरकवली. खिडकी जवळ आली, डावा कोपरा जवळ आला, आणि जोडलेली पट्टी दिसली.

मग खिडकीही ओळखू आली. सुट्टीच्या दिवशी वडिलांनी ती चौकट स्वतः बसवली होती. पातळी बघायला भिंतीवर ताणलेल्या दोरीचं दुसरं टोक आठ वर्षांच्या तिने धरलं होतं. हात दुखला, टोक खाली आलं, आणि सिमेंट वाळल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. राहू दे, ही आपल्या पोरीची खूण, असं वडील म्हणाले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. स्वतःच्या घराचं माप तिच्या हातात आलं, तिने ते कापलं, शिवलं, इस्त्री केली, आणि वर बापाला आंधळा गवंडी म्हणाली.

तिला राग आला, पण त्याच्या आधी लाज वाटली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. घर धडधाकट होतं, रंगवलेलं होतं, आणि ते सजवून तिच्यापासून लपवायला तिलाच राबवलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? शनिवारी ती मशीनवर बसली खरी, पण दिवसभरात एक शिवण सरळ गेली नाही.

रविवारी धाकटा आला. कागद आणला होता, पेनसुद्धा आणलं होतं. तिने आधी चहा दिला. मग म्हणाली, मला कॅमेरा जमायला लागलाय, दारात उभा राहा बघू. त्याला बरं वाटलं. चौकटीला हात लावून तो हसला आणि तिने बटण दाबलं.

"कार्ड घेतलंस का?" त्याने विचारलं. "त्याच्याशिवाय फोटो राहत नाहीत, ताई."

"राहतात. पुस्तकात पान अकरावर लिहिलंय. आधीचे दहा आहेत, मग माझ्या मशीनचा, आणि हा आत्ताचा बारावा."

त्याचा हात चौकटीवरून खाली आला. ती वाट बघत होती. चुकलो म्हणेल, निदान खोटं का होईना रडेल, असं तिला अजूनही वाटत होतं.

"कुणाला दाखवले नाहीस ना?" तो म्हणाला.

तिने नाही म्हणून मान हलवली आणि कागद त्याच्याकडे परत सरकवला. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला. मग दाराशी थांबून, जणू तिच्याच काळजीपोटी सगळं केलं अशा सुरात म्हणाला, "तू तिथे एकटी कशी राहिली असतीस?"

"पडदे लावून," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने कॅमेरा पुन्हा सुरू केला. आधी दहावा फोटो पाहिला, मग बारावा. दोन्हीत तोच चौकटीला लावलेला हात, तेच हसू. फसवतानाचं हसू वेगळं असेल आणि ताईसाठी हसतानाचं वेगळं, असं तिला वाटत होतं. दांडी सरकवून तिने दोन्ही चेहरे होतील तेवढे मोठे करून पाहिले. काहीही फरक नव्हता.