खोट्या पोटावरची ऑपरेशनं

ऑपरेशन थिएटरमध्ये तोंडाला मास्क असतो, म्हणून लोकांना वाटतं आम्ही गप्प असतो. अहो, हात अडकलेले, पाय अवघडलेले, मोकळं उरतं ते फक्त तोंड! उल्हासनगरच्या आमच्या हॉस्पिटलात थिएटर सिस्टर म्हणून मी इतकी वर्षं काढली की किस्से ठेवायला जागा उरलेली नाही. त्यातले खोट्या पोटाचे माझे सगळ्यांत लाडके.

खोटं पोट म्हणजे मशीन. तेव्हा दुर्बिणीच्या ऑपरेशनची नवलाई होती. पोटाला तीन-चार भोकं पाडायची, आत कॅमेरा सोडायचा आणि टीव्हीकडे बघत काम करायचं. ते शिकायला एका कंपनीने काही महिन्यांपुरतं व्हर्च्युअल रिॲलिटीचं मशीन आणून ठेवलं. समोर कॉम्प्युटर, खाली दोन लांब दांडे. दांडे हलवले की पडद्यावरच्या पोटात चिमटे हलायचे, चुकलं की रक्तसुद्धा यायचं. आमच्या सिंधी मालक डॉक्टरांना सगळे बडे साब म्हणायचे. त्यांनी जाहीर केलं, "मशीन जिसको पास करेगी, वही दूरबीन पकडेगा."

ही ताकीद खरं तर एकट्या गायकवाड सरांना होती. अंबरनाथ एमआयडीसीत कुणाचं पोट फाटलं की शिवायला गायकवाड सरच लागायचे. पण केस पिकले तरी त्यांना यायचं ते पोट उघडून केलेलं ऑपरेशन, आणि पेशंट आता दुर्बीणच मागत होते. मशीनने पास केलं नाही, तर सरांना सुरी खाली ठेवून ओपीडीत बसावं लागणार होतं. हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही.

*

पहिल्या दिवशी सर आले आणि सरळ बेसिनकडे गेले. कोपरापर्यंत साबण, ब्रश, सगळं रीतसर. मग हात वर धरून मशीनसमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "सिस्टर, ग्लव्ह्ज."

कंपनीचा इंजिनिअर हसला. "सर, कॉम्प्युटर को इन्फेक्शन नहीं होता."

"होत नसेल," सर म्हणाले. "पण हात धुतल्याशिवाय मला पोटातलं काही दिसत नाही."

मी ग्लव्ह्ज दिले. शेवटपर्यंत देत राहिले.

*

दुर्बिणीचा घोळ असा, की हात डावीकडे नेला की आतला चिमटा उजवीकडे जातो. सरांचे हात आयुष्यभर सरळ वागलेले. मशीन रोज नापास करायचं.

एका रविवारी बदलापूरहून वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, मला फोन. "सिस्टर, यांना तुम्ही काय शिकवताय? बुटांच्या खोक्याला भोकं पाडलीत, माझ्या विणायच्या सुया त्यात खुपसल्यात, आणि आरशात बघत आत संत्रं सोलतायत."

"जमतंय का?"

"जमतंय कसलं! आठवडाभर आम्ही संत्र्याचा रस पितोय."

*

बडे साब स्वतः दुर्बिणीत तरबेज. एकदा दुपारी कुणी नाही असं बघून ते मशीनवर बसले. मशीनने त्यांनाही नापास केलं!

"किसी को बोलना मत," ते मला म्हणाले. मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त वॉर्डातल्या सुनंदामावशींना सांगितलं. संध्याकाळी चहावाल्याने साहेबांना विचारलं, "साब, सुना आपका पेशंट सीरियस है?"

दुसऱ्या दिवशी मशीनला लिंबू-मिरची लटकत होती. कुणी बांधली ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

*

मशीनमधल्या पेशंटला नाव नव्हतं, नुसतं 'केस वन'. सरांना नावाशिवाय चैन पडेना. भूल देण्याआधी पेशंटला नावाने हाक मारायची त्यांची पद्धत. त्यांनी तिचं नाव शेवंताबाई ठेवलं. "शेवंताबाई, घाबरायचं नाही हं," म्हणून काम सुरू.

एक दिवस चिमटा घसरला. पडदा लाल झाला, मशीनने लांब शिटी दिली आणि शेवंताबाई गेली.

इंजिनिअर म्हणाला, "रीस्टार्ट दबाइए, सर."

सरांनी बटण दाबलं नाही. ग्लव्ह्ज काढले, बाहेर गेले आणि पेशंटचे नातेवाईक बसतात त्या बाकावर बसून राहिले. मी चहा नेला, तो तसाच निवला. थोड्या वेळाने बडे साब आले आणि शेजारी टेकले. "साईं, वो तो कॉम्प्युटर है."

"माहीत आहे," सर म्हणाले.

बडे साब उठले नाहीत. दोघेही तिथेच बसले.

*

मशीन परत जायच्या आदल्या दिवशी सर पास झाले. पडद्यावर हिरवं आलं तेव्हा इंजिनिअरनेच टाळ्या वाजवल्या. मी मास्क वर ओढला, कारण माझं तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं.

*

सरांची दुर्बिणीची पहिली खरी पेशंट बदलापूरजवळच्या चामटोलीची, तिशीतली. पित्ताशयात खडे. सोबत तिची आई. या आईचं हेच ऑपरेशन सरांनीच, फार वर्षांपूर्वी, पोट उघडून केलेलं. म्हणून तर लेकीला दुसरीकडे कुठे न नेता इथेच आणलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. सकाळी सर राउंडला आले तेव्हा आजी लेकीच्या पोटावरच्या चार छोट्या पट्ट्या बघत होत्या.

"डाक्टर, खडे काढलं का नुसतंच टोचलंय?"

सरांनी खड्यांची बाटली त्यांच्या हातात दिली. आजींनी ती हलवून पाहिली. मग आपल्या पोटावर, पदरावरूनच, बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब रेघ ओढली.

"माजं यवढं कापलंवतं. धा दिस कूस बदलता येत नवती. तवा ह्ये येत नवतं का तुमाला?"

सगळा वॉर्ड ऐकत होता.

"नव्हतं येत, आजी," सर म्हणाले. "आत्ता शिकलो."

आजींनी सरांचे पांढरे केस पाहिले. मग त्यांचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. आणि लेकीकडे वळून म्हणाल्या,

"ऊठ गं. डाक्टरास्नी बसाया जागा दे."

लेक उठून उभी राहिली. आणि सर बसले.