आत पडणारं पाऊल

पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या पोरीला आपण धावेची वेळ विचारतो. तिच्या पायांची चौकशी कधी केलीय का?

बेलापूरहून श्रीरामपूरच्या मैदानावर सरावाला जाताना अशीच एक पोरगी बसमध्ये माझ्या शेजारी असते. चप्पल काढते, ओढणी पायाखाली टाकते आणि पायाच्या बोटांनी ती गोळा करत राहते. पळताना तिची पावलं आत कलतात, नडगी ठणकते. म्हणून तळव्यांना बळ देण्याचा हा उद्योग.

"पायाला मुंग्या डसल्यात का गं?" समोरच्या मावशींनी एकदा विचारलं.

"न्हाई मावशी, लई आळशी हायत. कामाला लावलेत."

वयाच्या अटीमुळे यंदाची भरती तिची शेवटची. तरी परवा सरावात सगळ्यांच्या पुढे असताना पाऊल आत पडू लागलं, तशी ती थांबली.

"अशानं भरती हुती व्हय?" सराव घेणारे सर ओरडले.

"असंच रेटलं तर भरतीच्या दिवशी उभीबी ऱ्हाणार न्हाई, सर," म्हणत ती कडेला गेली आणि अनवाणी उभी राहून टाचा उचलू लागली. मला मात्र चैन पडेना. दिवस सरताहेत आणि हिचे पाय अजून तयार नाहीत.

तुमच्या गावच्या मैदानावर अशी कोणी थांबली, तर "पळ" म्हणून ओरडू नका. ओरडणाऱ्यालाही गप्प करा.