तीन लाइनी आणि जळकोटचा बस्ता

मी नांदेडच्या एका कॉलेजात नेटवर्किंग शिकवतो. त्यामुळे उदगीरच्या आमच्या साडीच्या दुकानातलं इंटरनेट बंद पाडायला बाहेरचा माणूस बोलवावा लागला नाही.

झालं असं, की लग्नसराईच्या तोंडावर वहिनीने मोबाइलवरून साड्यांची लाइव्ह विक्री करायचं ठरवलं. अण्णा (माझे थोरले बंधू, दुकान आपणच चालवतो असा त्यांचा समज आहे) म्हणाले, "एकदा करून बघ. मधीच बंद पडलं तर परत नाव काढायचं न्हाई!"

वहिनी त्यांच्यासमोर हसली, पण मला फोन केला तेव्हा आवाज बारीक होता. "भावजी, माझी एकच बारी हाय. नेट जाऊ देऊ नका."

मी पेटलोच! वहिनीचा मी भक्त आहे. गिऱ्हाइकाने चप्पल काढेपर्यंत तिला कुठली साडी दाखवायची हे या बाईचं ठरलेलं असतं. अशा बाईसाठी एकच लाइन? छे! तीन लाइनी भाड्याने घ्यायच्या आणि एकाच राऊटरला जोडायच्या!

"तीन कशाला?" अण्णा.

"एक गेली तर दोन राहतात. तिन्ही चालल्या तर भार वाटला जातो."

वर्गात मी ओरडून सांगतो, की तीन लाइनी तीन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या. पण उदगीरला केबलचा धंदा आमच्या बसूमामांचा, म्हणजे आईच्या चुलतभावाचा. मी दुसऱ्या कंपनीत चौकशी केली, तर तासाभरात मामा दारात!

"भाच्या, मी मेलोय का?"

संपलं. तिन्ही लाइनी मामांच्या. एक अण्णांच्या नावावर, एक वहिनीच्या, एक माझ्या, आणि तिन्ही समोरच्या एकाच खांबावरून खेटून आलेल्या. राऊटरवरचे तीन हिरवे दिवे मी चहावाल्यालासुद्धा बोलावून दाखवले.

शनिवारी दुपारी लाइव्ह सुरू झालं. वहिनी काय बोलत होती! "पदर बघा ताई, ह्या रंगाला सासूबी नाव ठेवणार न्हाई!" मी राऊटरशेजारी छाती काढून उभा होतो.

तेवढ्यात जळकोट रोडने कडब्याची ट्रॉली आली. दोन मजली कडबा! वरच्या पेंढ्या केबलींत अडकल्या, मामांचा केबल-जोडणीचा डबा खांबावरून उपटून आला आणि तिन्ही केबली दुकानाच्या पाटीपासून ट्रॉलीपर्यंत ताणून बसल्या. तिन्ही दिवे एका क्षणी लाल झाले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी राऊटरकडे पाहिलं. वहिनीने कुणाकडेच पाहिलं नाही. तिने फोनवरचं साधं नेट लावलं. (ते दुकानात उत्तम चालतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.) "थांबा ताई, आता उजेडात दाखवते," म्हणत ती साड्यांचा ढीग घेऊन बाहेर आली.

ट्रॉलीमागे रस्ता तुंबला होता. सगळ्यात पुढे जळकोटचा एक टेम्पो, लातूरला लग्नाचा बस्ता बांधायला निघालेल्या बायकांनी गच्च भरलेला. वहिनीने काय करावं? एकेक साडी उलगडून तिने माझ्या केबलींवर टाकायला सुरुवात केली!

"ओ मावशी, बस्त्याला चाललाव का?"

"हाव बाई, लातूरला."

"रस्ता मोकळा व्हायस्तोवर बघून तर घ्या!"

टेम्पो रिकामा झाला. नवरीच्या मावशा केबलींखालून वाकून पदर चाचपू लागल्या, फोनवरच्या बायका "ती हिरवी आम्हाला ठेवा" म्हणून लिहू लागल्या. बसूमामा पक्कड घेऊन धावत आले, तर वहिनी म्हणाली, "मामा, आत्ता हात लावू नका. बस्ता व्हायचाय." मामा पक्कड खिशात घालून साड्यांच्या घड्या करू लागले. मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

टेम्पो लातूरला गेलाच नाही. संध्याकाळी अण्णांनी शटर ओढत वहिनीला सांगितलं, "पुढच्या शनिवारी बी करायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू नेटचं बघू नको. तू कडब्याच्या ट्रॉलीचं बघ. तेवढं तरी जमंल?"

न जमायला काय झालं? मी तीन ट्रॉल्या सांगून ठेवल्यात. एक अडकली नाही, तर दोन राहतात. तिन्ही बसूमामांच्याच ओळखीच्या आहेत.