आमच्या पडवीतला साका

आमच्या पडवीत संध्याकाळी केमिस्ट्रीचा क्लास भरतो. क्लास सुटला की पोरं घरी जातात, पण त्यांची बोलणी मागं राहतात. शेवंतीच्या पाकळ्या सांडल्या तर झाडून काढता येतात, बोलणी कशी झाडायची? ती साठतच जातात. मग कुणी पै-पाहुणा आला, चहा टाकला, की मी त्यातलं एक काढते. त्याच्या मागं दुसरं आपसूक येतं!

क्लास घेते माझी सून अर्चना. एम.एस्सी. झालीय, ज्युनिअर कॉलेजात शिकवते. मी शाळेची पायरी चढले नाही. पण क्लासच्याच वेळेला माझी फुलं निवडायची असतात. मी कोपऱ्यात क्रेट घेऊन बसते, हात कामात, कान मोकळे. त्यामुळं अकरावीची केमिस्ट्री मी दरसाल नव्यानं ऐकते. अभ्यास नाही, परीक्षा नाही, नुसती मजा!

अर्चना काचेच्या दोन नळ्या पुढं धरून पोरांना सांगते, "दोन्ही नळ्यांतलं पाणी निवळ दिसतं. पण एकात एक औषध विरघळलंय, दुसऱ्यात दुसरं. दोन्ही एकत्र केली आणि न विरघळणारं काही तयार झालं, तर ते तळाशी बसतं. तो अवक्षेप. आधी सांगायचं, येईल का नाही. मग ओतायचं."

"म्हंजी साका," मी एकदा बोलून गेले. तेव्हापासून आमच्या पडवीत अवक्षेप कुणी म्हणत नाही. सगळे विचारतात, साका आला का?

*

हे किस्से बहुतेक शिवाचे. शिवा म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा, आमच्याच भांडगावचा. चाळिशीला आलाय. इकडच्याच एका साखर कारखान्यात, लॅबमध्ये हंगामी कामाला. रसाचे नमुने आणायचे, काचेची भांडी धुवायची. उसाचं गाळप चालू तोवर पगार, गाळप संपलं की घरी. मागं कारखान्यानं सांगितलं, लॅबच्या हंगामी माणसांची परीक्षा घेणार, थोडी लेखी, थोडी हातानं करून दाखवायची. जो पास होईल तो कायम.

शिवा येऊन उंबऱ्यात उभा राहिला. "वहिनी, मला शिकिवता का? समीकरणं बॅलन्स करायची आन् ह्यो साका, येवढंच लई विचारत्यात म्हणं."

"बसा की भावजी, त्यात काय!" अर्चना म्हणाली.

तिथंच त्याची लेक ऋतुजा बसलेली, अकरावीची. तिनं तोंडावर पुस्तक धरलं आणि त्याच्या आडून म्हणाली, "बाबा, माझ्या रांगेत बसायचं न्हाई हां!"

शिवा मुकाट्यानं माझ्या क्रेटपाशी येऊन बसला.

*

क्लासमध्ये अर्चना कुणाची वहिनी नाही. तिथं ती मॅडम, आणि शिवा म्हणजे नुसता शिवाजी. क्लास सुटला की पुन्हा दीर-भावजय. हा बदल फार झटक्यात व्हायचा, आमचीच तारांबळ उडायची.

एकदा शिवानं गृहपाठ केला नव्हता. अर्चनानं त्याला उभा केला. "शिवाजी, हे मी खपवून घेणार नाही! परीक्षा तुमची आहे का माझी? पुन्हा असं झालं तर क्लासला यायचं नाही!" पोरं खाली माना घालून हसतायत. तेवढ्यात वेळ संपली. त्याच दमात अर्चना म्हणाली, "भावजी, चहा ठेवते. आल्याचा का साधा?"

शिवा उभाच. म्हणाला, "मॅडम, आधी खाली बसू का?"

*

बॅलन्सिंग म्हणजे बाणाच्या अलीकडं जेवढे अणू, पलीकडं तेवढेच पाहिजेत. एक कमी नाही, एक जास्त नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी करायचं समीकरण फळ्यावर होतं. ऑक्सिजन डावीकडं दोन, उजवीकडं एक. शिवा उठला, आणि उजवीकडं पाण्यातल्या ऑक्सिजनच्या खाली बारीकसा दोन लिहून आला. "घ्या! झाली का न्हाई बाजू सारखी?"

"बाजू सारखी झाली," अर्चना म्हणाली, "पण पाणी राहिलं नाही. हे जखमा धुवायचं औषध झालं. आता पाव्हण्यांना द्या तांब्या भरून!"

पोरं लोळायची बाकी राहिली.

मग अर्चनानं माझ्या क्रेटमधली फुलं उचलली. "हे बघा. एका हारात दोन शेवंत्या आणि एक गुलाब, अशी बांधणी ठरलेली आहे. फुलं जास्त आली तर हार वाढवा. पण हाराच्या आत एक गुलाब जास्तीचा कोंबायचा नाही. कोंबला तर तो हारच वेगळा. म्हणून आकडा पुढं लावायचा, खाली हात लावायचा नाही."

शिवानं क्रेटमध्ये डोकावून बघितलं. "मग उरलेल्या फुलांचं काय करायचं?"

"एकही उरता कामा नये, तेच तर बॅलन्सिंग!"

"वहिनी... मॅडम, आमच्या रानात असं एकदाबी झालेलं न्हाई," शिवा म्हणाला.

*

अर्चनानं एकदा प्रयोग लावला. ह्या प्रयोगाला शुद्ध पाणी लागतं, ते गॅरेजवाल्याकडून बॅटरीत घालायचं आणते. पांढऱ्या कॅनमध्ये ठेवलेलं असतं. तिनं त्याच पाण्यात दोन औषधं विरघळवायला सांगितली आणि विचारलं, "सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम नायट्रेट. मिसळल्यावर काय होईल?"

सगळी पोरं एका सुरात, "काही नाही!"

"शाबास. काहीही होणार नाही. नायट्रेट सगळे विरघळतात. बघा आता."

आणि बघतो तर काय, सिल्व्हरच्या नळीत दूध! ओतायच्या आधीच! अर्चनाचा चेहरा पडला. तिनं नवी नळी घेऊन पुन्हा केलं, त्यातही तेच. पुस्तक उघडलं, बाटलीवरची चिठ्ठी वाचली, परत पुस्तक उघडलं. मास्तरणीचं चुकलं, हे बघायला मजा येते, पण बोलायची छाती कुणाची?

शेवटी तिनं कॅन उचलला. "ह्यात पाणी कुणी भरलं?"

"मी," शिवा म्हणाला, खुशीत. "रिकामा व्हता. संध्याकाळी पोरं येत्यात, घरात पाण्याचा कॅन रिकामा दिसला तर बरं दिसतं का? आपल्या बोअरचं भरून ठिवलं. गार हाय, बघा!"

आमच्या बोअरचं पाणी म्हणजे विचारू नका. ठिबकच्या नळ्यांची भोकं बुजतात, तपेल्याला पांढरा थर बसतो. त्यातल्या खारानंच नळीत साका धरला होता. अर्चनानं कपाळाला हात लावला. म्हणाली, "चला, आज बोअरचं पाणी तपासलं असं लिहा."

*

मोरचूद आणि चुना मात्र शिवाला तोंडपाठ. डाळिंबावर फवारायला हेच कालवतात आमच्याकडं. अर्चनानं दोन्हींचं पाणी समोर ठेवलं आणि विचारलं, "रंग कोणता येईल?"

"निळा!" शिवा ओरडला. कुणाला बोलूच दिलं नाही.

"बरोबर. या, समीकरण लिहा."

शिवा ताठ मानेनं फळ्याशी गेला. अक्षर चांगलं आहे त्याचं. ठळक लिहिलं, 'मोरचूद + चुना → फवारणी'.

अर्चनानं फुली मारायला खडू उचलला आणि तसाच खाली ठेवला. चूक म्हणावं, तर खोटं काही लिहिलेलं नाही.

मागून ऋतुजा म्हणाली, "बाबा, डावीकडं पंप राहिला!"

*

अर्चनाचा नियम आहे. चाचणीत नापास झालं की पेपरावर पालकाची सही आणायची. पहिल्या चाचणीत ऋतुजा पास आणि शिवा नापास. आता शिवाच्या पेपरावर सही कुणाची? अर्चना म्हणाली, "नियम म्हणजे नियम. तुमच्या पालकांची."

दुसऱ्या दिवशी आमच्या वन्सं, म्हणजे शिवाची आई, माझी नणंद, स्वतःच काठी टेकत आल्या. क्लास चालू होता. वन्सं मोठ्या, त्यात बोलायला फटकळ. अर्चना घाबरली, उठून पाया पडली. पोरं टवकारून बसली. शिवा क्रेटच्या मागं सरकला.

"माझ्या लेकाला नापास कुनी केला?"

"आत्या, मीच..." अर्चना पुटपुटली.

वन्संनी पेपर तिच्या हातात दिला. खाली अंगठा उठवलेला होता. "ल्हानपणापासनं असाच हाय त्यो. त्याचा मास्तर लई मऊ व्हता, म्हणून ऱ्हायला. तू मार त्याला. माझी हरकत न्हाई!"

*

गाळप चालू झालं आणि शिवा ढेपाळला. कामाची पाळी करून यायचा, बसल्या जागी पेंगायचा. एक दिवस क्लास सुटल्यावर माझ्यापाशी बसून राहिला. शेवंतीचं एक फूल घेऊन उगाच पाकळ्या खुडत म्हणाला, "मामी, सोडून द्यावं म्हणतो. डोक्यात बसंना."

"बरं. सोड," मी म्हणाले.

तो माझ्याकडं बघायला लागला. त्याला वाटलं मी समजूत घालीन.

"सोड की. हंगाम सरंल. मग पारावर जाऊन बस. लोक विचारतील, काय शिवाजीराव, झाला का कारखाना बंद?"

त्याचं तोंड कडू झालं. दरसाल हेच त्याला सगळ्यात जास्त लागतं. विचारणारा सहजच विचारतो. खाली मान घालून म्हणाला, "मामी, एकदाच मला त्यांना सांगायचं हाय. कारखाना बंद झाला, मी चालू हाय."

आत जायला निघालेली ऋतुजा दारातच थांबली होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं बापाची शिकवणी हातात घेतली.

*

शिवा तिला मोटरसायकलवर कॉलेजला सोडायचा. तो गाडी चालवणार, ही मागं बसून विचारणार. हायवेच्या आवाजात दोघं ओरडून बोलायची.

"नायट्रेट?"

"विरघळत्यात! सगळे!"

"सल्फेट?"

"विरघळत्यात! पर बेरियम न्हाई!"

असं करत चौफुल्याला आले, तर पोलिसानं हात केला. शिवा थांबला, पण डोकं अजून मागंच.

"कागदपत्रं?" पोलिसानं विचारलं.

"विरघळत्यात!" शिवा म्हणाला.

ऋतुजा घाईनं खाली उतरली. "साहेब, तसं न्हाई, कागदं हायेत. बाबांची परीक्षा हाय."

"बाबांची? कसली?"

"केमिस्ट्रीची."

पोलिसानं शिवाकडं खालून वर पाहिलं. आवाज एकदम मऊ झाला. "जावा. माझा बी त्योच विषय ऱ्हायला व्हता."

*

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळ्या कारखान्याच्या गेटवर. अर्चना, ऋतुजा, वन्सं आणि मी. दहावीच्या पोरांचे आईबाप उभे राहतात तशा, पाण्याची बाटली, डबा, सगळं घेऊन. वॉचमननं विचारलं, "मावशी, कुणासाठी थांबलाय?"

"लेकराची परीक्षा हाय," वन्सं म्हणाल्या.

तेवढ्यात शिवा मिशा पुसत बाहेर आला. लेखी झाली होती, प्रॅक्टिकल राहिलं होतं. वन्संनी पदरानं त्याचं तोंड पुसलं. वॉचमन तोंड फिरवून हसत होता.

प्रॅक्टिकलला काय झालं ते शिवानं नंतर सांगितलं. पुण्याहून परीक्षक साहेब आले होते. दोन बाटल्या पुढं ठेवल्या, दोन्ही निवळ. वर नावं लिहिलेली. "मिसळल्यावर काय होईल?" शिवानं नावं वाचली. एकीत बेरियम, दुसरीत सल्फेट. "पांढरा साका येईल, साहेब." समीकरण लिहिलं, बाणापलीकडं तयार होणाऱ्या मिठाच्या पुढं दोन लावला, बॅलन्स केलं. मग नळीत ओतलं.

साका नाही! नळी हलवली, उजेडात धरली. निवळच्या निवळ!

शेजारच्यानं कानात सांगितलं, "आला म्हणून लिव्ह. कोण बघतंय?"

अख्खी नोकरी त्या नळीत. पण अर्चनाची एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की होती, जे दिसलं तेच लिहायचं. त्यानं लिहिलं, 'साका आला नाही. घाई झाली. एकाच बाटलीतलं दोनदा घातलं असावं. पुन्हा करू द्या.'

साहेबांनी वाचलं, त्याच्याकडं बघितलं आणि नवी नळी पुढं केली. ह्या वेळी शिवानं दोन्ही बाटल्यांवरची नावं मोठ्यानं वाचली. एक बाटली ओतली, बाजूला ठेवली. दुसरी ओतली. पांढराशुभ्र साका, पिठासारखा! आणि शिवा परीक्षा विसरून असा ओरडला की आम्हाला गेटवर ऐकू आलं, "आला! आला!"

निकाल पुढच्या आठवड्यात लागला आणि शिवा कायम झाला. पण आमच्या वन्संना विचाराल, तर निकाल लागला तो त्याच दिवशी, गेटवर.

झालं असं, "आला! आला!" ऐकू आलं आणि वन्संनी पिशवीतनं पेढ्यांचा पुडा काढला. येतानाच घेतला होता, आम्हाला पत्ता नाही. वॉचमनला दिला, उसाच्या गाडीवाल्यांना दिला. अर्चना म्हणते, "आत्या, थांबा, अजून काही ठरलं नाही." वन्सं कशाच्या ऐकतायत!

तेवढ्यात परीक्षक साहेब चहाला बाहेर आले. वन्सं काठी टेकत थेट त्यांच्यासमोर गेल्या. काही विचारायच्या आत त्यांच्या तोंडात पेढा घातला.

साहेबांनी कसाबसा गिळला. म्हणाले, "आजी, कशाचा पेढा?"

"लेक पास झाला माझा."

"अहो आजी, मी अजून पेपर तपासले नाहीत. आणि तो नापास झाला तर?"

"आता कसा हुईल?" वन्सं म्हणाल्या. "तुम्ही पेढा खाल्लाय की!"