इकडच्या टोपलीतले सौंसर

नातवंडांनो,

परवा थोरल्याचा फोन आला तेव्हापासून माझे कशात लक्ष लागत नाही. तो परदेशात बसून संगणकाचे प्रोग्रॅम विकतो, तेही महिन्याच्या वर्गणीवर. गिऱ्हाईक कुठल्या राज्यातले आहे ते त्याला दिसत नाही, पण कर मात्र राज्याराज्याचा वेगळा, आणि चुकला तर दंड. "आजी, तुला नाही कळायचं हे," म्हणून त्याने विषय बदलला. फोन ठेवून मी भांड्यांचे कपाट आवरायला काढले आणि अर्धेच सोडले. मला हे कळते. या घरात हे एकदा होऊन गेले आहे. तुम्हाला ते कोणी सांगितलेले नाही आणि आता सांगायला फार जण उरलेलेही नाहीत, म्हणून लिहिते.

सत्तरच्या दशकात मी आणि माझी धाकटी जाऊ कपड्यांचे कागदी नमुने टपालाने पाठवत होतो. ब्लाउज, झगा, मुलांची चड्डी, जे असेल ते तपकिरी कागदावर ती आखून कापायची. बाही कुठे जोडायची, चुण्या कुठे घ्यायच्या, हे मी मराठीत आणि हिंदीत लिहून आत घालायची. कागद नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून आणायचा. एका मासिकात छोटी जाहिरात दिली होती: वर्षाची वर्गणी भरा, दर महिन्याला एक नमुना घरपोच.

जाऊ सौंसरची. सौंसर छिंदवाडा जिल्ह्यात. नागपुराहून सकाळच्या मोटारीने निघालेला माणूस जेवायच्या आत तिथे पोचतो. तिची आई तिथल्या बाजाराच्या दिवशी ओट्यावर बसून आसपासच्या बायकांना लेकीचा नमुना दाखवायची. त्यामुळे आमच्या निम्म्याहून जास्त वर्गणीदारणी त्या बाजूच्या.

पाकिटांसाठी मी दोन टोपल्या केल्या होत्या. एक इकडची, एक तिकडची. तिकडच्या टोपलीत पुणे, मुंबई, कोल्हापूर. इकडच्या टोपलीत वर्धा, भंडारा, सौंसर, शिवनी, बालाघाट. माझ्या लहानपणी नागपूर राजधानी होते आणि हे सगळे जिल्हे एकाच प्रांतात होते. पुढे भाषेप्रमाणे राज्ये झाली. नागपूर महाराष्ट्रात आले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. मी बी.ए. झालेली, वर्तमानपत्र रोज वाचणारी. मला हे माहीत नव्हते असे नाही. पण टोपल्या लावताना ते मनात आले नाही.

जाहिरात पाहून एके दिवशी विक्रीकर निरीक्षक घरी आला. तरुण होता, नुकताच बदलून आलेला. चहा घेतला. धंदा लहान आहे, एवढ्याला कर लागत नाही, असे तोच म्हणाला. उठता उठता त्याने विचारले, "महाराष्ट्राबाहेर काही पाठवता का?"

"थोडेसे," मी म्हटले आणि तिकडची टोपली पुढे केली.

त्याने वरची पाकिटे चाळली. "बाई, हे पुणे आहे."

"हो."

"पुणे महाराष्ट्रात आहे. मी साताऱ्याचा."

"मंग तुम्ही तिकडचेच," जाऊ शिवणाच्या मशीनवरून म्हणाली.

तो हसला. मग त्याने दुसऱ्या टोपलीतले पाकीट उचलले. "आणि हे सौंसर?"

"ते आपल्याकडचंच हाय," ती म्हणाली.

तो पुन्हा खाली बसला. त्याने जे समजावले ते असे: राज्याच्या आत लहान धंद्याला सूट आहे, पण माल राज्याची हद्द ओलांडून विकला की ती सूट उरत नाही. एक पाकीट गेले तरी नोंदणी हवी, विवरणे हवीत. साहेबांसमोर येऊन काय ते सांगा, म्हणाला, आणि तारीख देऊन गेला.

त्या तारखेपर्यंत मला एका जागी बसवेना. दूध उतू जाई. लिहिलेली पाकिटे मी पुन्हा उघडून तपासत असे. इकडच्या टोपलीला हात लावायचा धीर होईना. त्या महिन्याचा नमुना तिच्यात तसाच पडून होता. तुमच्या आजोबांना यात काही अवघड दिसत नव्हते. ते सरकारी कचेरीत होते.

"काहून डोक्याला ताप?" ते जेवताना म्हणाले. "छिंदवाड्याकडचं बंद करा. महाराष्ट्रात पाठवा, कोणी विचारत नाही."

आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, सरळ बोलत नसे. जाऊ पदर पुढे ओढून दाराआड उभी राही आणि जे बोलायचे ते मला उद्देशून बोले, त्यांना नीट ऐकू जाईल असे.

"बाई, त्याइले सांगा, बंद करायचं तं पुण्याचं करा म्हना. पुण्यात शिंपी नाही का?"

"तिला सांग," आजोबा मला म्हणाले, "पुण्याचा कायदा आडवा येत नाही."

"सांगा त्याइले, मी वर्षातून एकदा मायेकडे जातो. महिन्याले माह्या हातचं एक पाकीट जाते, ते पायते माय. त्याले परराज्य म्हनून राहिले?"

आजोबांनी भात कालवला. मला तोवर तो उद्योग दोघींचा वाटत होता. त्या दिवशी समजले की बंद झाला तर माझा एक छंद जाईल. तिचे मात्र माहेरचे येणे-जाणे तुटेल.

ठरल्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने सिव्हिल लाइन्सच्या विक्रीकर कचेरीत गेलो. वाटेत मी बोलायचे ते इंग्रजीत घोकत होते. पुस्तकांवर विक्रीकर नव्हता, आणि आमच्या नमुन्यात लिहिलेला मजकूर असे. तेव्हा हे पुस्तकच, असा माझा मुद्दा. साहेबांनी तो शांतपणे ऐकला, नमुना उलगडून टेबलावर पसरला आणि जावेकडे पाहिले.

"हे वाचतात का?"

मी तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिले. तिला ते दिसले नाही, किंवा दिसले असेल.

"वाचते कोन, साहेब? कापडावर ठेवते अन् कापते."

"मग माल झाला," साहेब म्हणाले. पुढे त्यांनी विचारले, वर्गणी वर्षाची आधीच घेता, मग विक्री केव्हा झाली धरायची? पैसे आले तेव्हा, की नमुना गेला तेव्हा? निरीक्षक एक म्हणाला, मी दुसरे. शेवटी नमुना टपालात पडला तेव्हा, असे ठरले. थोरल्या, तुझा घोळ यापेक्षा फार वेगळा नसावा.

"आता सांगा," साहेब म्हणाले. "तिकडे पाठवणे बंद करता, की नोंदणी करता?"

तिकडे म्हणजे सौंसर, हे कळायला जावेला क्षणभर लागला. मग ती माझ्याकडे वळली.

"नोंदणी," मी म्हटले.

"कोणाच्या नावाने?"

माझे नाव तोंडाशी आले होते. पण बायकोने धंदा केला तर आजोबांना सरकारी नियमाने कचेरीत कळवावे लागले असते, आणि ते कळवणार नव्हते. शिवाय बंद झाले तर जिचे माहेर तुटणार होते ती मी नव्हते.

"यांच्या," मी म्हटले.

साहेबांनी तिला नाव विचारले. आमच्या घरात तिला सगळे सौंसरवाली म्हणत. कागदावर लिहायचे नाव सांगताना ती अडखळली. सही मराठीत केली, एकेक अक्षर सुटे.

घरी येऊन मी तोंडही न धुता इकडची टोपली घेतली आणि पोस्टात गेले. आजोबांना रात्रीच्या जेवणाला सांगितले. ते म्हणाले, "तिला सांग, विवरणं वेळेवर भरा." दाराआडून आवाज आला, "सांगा त्याइले, भरू."

आम्ही ती भरली. मी आकडे लिहायची, ती सही करायची. तयार कपडे स्वस्त झाले तसे नमुने मागवणारे कमी झाले, आणि पुढे उद्योग आपोआप थांबला. तिची आई त्याआधीच गेली होती. जाऊ चार वर्षांपूर्वी गेली. मशीन विकले. मशीन असायचे ती खोली आता भाड्याने दिली आहे. नोंदणीचा दाखला धंद्याच्या जागी लावावा लागे, तो त्या भिंतीवर अजून आहे. काच फुटली आहे. तिचे नाव वाचता येते.